आवाजाला दात

३ तारीख, सोमवार

आठवतंय का, बयो, की तेही विसरलीस? जिच्या तोंडात एक दात उरलेला नाही, त्या बाईला गेल्या खेपेला तू अक्रोड पाठवलेस. तेही कवचासकट. आई आहे मी तुझी, अडकित्ता नव्हे. ते अक्रोड मी मुद्दाम सोबत आणलेत आणि इथे नातीच्या खिडकीत ओळीनं मांडलेत. आल्यागेल्याला दाखवीन, ही बघा आमच्या लेकीची स्मरणशक्ती. पुढच्या वेळी अंजिरं पाठव, मऊ, हिरड्यांनी दाबली की विरघळतील अशी.

तर सुखरूप पोचले. तुझी मुंगी मला उतरवून घ्यायला आली होती. पिशवी तिनं उचलली की पिशवीनं तिला, ते सांगता येणार नाही, इतकी वाळलीय पोर. घर मात्र छान आहे. तिसरा मजला, लिफ्ट चालू, नळाला गरम पाणी. दोन खोल्या आणि एक ओटा. बाहेरच्या खोलीत माझी कॉट, आतल्या खोलीत तिची यंत्रं. मधलं दार पूर्ण लागत नाही, कारण एक जाड वायर आतून निघून थेट माझ्या उशाशी येते. तिच्या टोकाला हा माईक, लहानशा वांग्याएवढा. आत्ता मी त्याच्याशीच बोलतेय.

अक्षरांची आणि माझी सोयरीक कधी जुळली नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून मुंगीनं माझ्यासाठी लेखनिक बनवलाय. माणूस नव्हे, प्रोग्रॅम. मी बोलायचं, त्यानं लिहायचं, संध्याकाळी मला वाचून दाखवायचं आणि तुला पाठवून द्यायचं. तुझ्या त्या डोंगरातल्या रस्त्याच्या कामावर फोन लागत नाही, पण लिहिलेलं पोचतं म्हणे. वाचतो मात्र गाड्यांच्या घोषणा केल्यासारखा. मी 'लेक' म्हटलं तरी वाटतं, फलाट बदलला.

तू मला पाठवलंयस ते पोरीला दोन वेळा जेवू घालायला आणि वेळेवर निजवायला. काळजी सोडून दे. मी तुला वाढवलं, त्यापुढे हे काम म्हणजे किस झाड की पत्ती.

४ तारीख, मंगळवार

मुंगी दिवसभर काय करते ते आज कळलं. एका कंपनीत बसून लोकांच्या बिघडलेल्या वॉशिंग मशिनची गाऱ्हाणी फोनवर ऐकायची आणि प्रत्येकाला म्हणायचं, 'तुमचा त्रास मी समजू शकते.' घरी येते तेव्हा स्वतःसाठी एक वाक्य शिल्लक नसतं तिच्याकडे. दमलीस का, विचारलं, तर मान हलवली. होय की नाही, ते त्या मानेलाच माहीत.

पण आतल्या खोलीत गेली की डोळे उघडतात. तिथे ती खेळ बनवते. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, हौस म्हणून. सध्या तिला स्वतःची ओळख लिहायचीय, खेळणाऱ्यांनी वाचावी म्हणून, आणि तीच काही लिहून होत नाही. जेवढी झालीय तेवढी लेखनिकाकडून वाचून दाखवली. 'नमस्कार. मी एकटीच खेळ बनवते. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात हे.' पुढे तिचे सगळे उद्योग. एका खेळात गोगलगाय रस्ता ओलांडते. ओलांडायला अख्खी दुपार लागते, आणि शेवटपर्यंत खेळलेली एक बाई म्हणे रडली. एक प्रोग्रॅम कुंडीतली माती सुकली की बेडकासारखा ओरडतो. एक हरवलेल्या मोज्यांच्या जोड्या जुळवतो. मी म्हटलं, त्या मोजेवाल्याला सांग, जमलं तर माझ्या दातांचाही पत्ता काढ. तेव्हा हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

'एकटीच' हा शब्द तिनं त्या ओळखीत सारखा सारखा घातलाय. मला खटकला. तिला म्हटलं, मी आलेय ना आता, खोड तो.

६ तारीख, गुरुवार

नवा खेळ. नाव 'पलीकडची खोली'. खेळणारा दमून घरी येतो आणि पलीकडच्या खोलीतून आजी हाक मारते. आजी कधीच दिसत नाही. नुसत्या आवाजावरून ओळखायचं, तिला पाणी हवंय, पांघरूण हवंय की उगाच सोबत हवीय. उत्तराचं बटण दाबलं की मुंगीचा आवाज म्हणतो, 'आले गं.' मी विचारलं, आणि मग ती जाते का? मुंगी म्हणाली, तेवढं अजून बनवलेलं नाही.

आजीचा आवाज अर्थात माझा. आज खोकला घेतला. सुका, ओला, लक्ष वेधायचा आणि पाहुण्यांना उठवायचा. मग म्हणाली, आजी, तुझे शब्द फाटक्या फुग्यातून आल्यासारखे येतात. तिनं यंत्रात कायसं फिरवलं आणि मला माझंच बोलणं ऐकवलं. स्वच्छ, टणक. आवाजाला दात बसवले पोरीनं! तुझ्या जन्माच्या आधी मी अशी बोलायचे. मी म्हटलं, आता तुझ्या आईला बिनघोर अक्रोड पाठवू दे, ही दुसरी आजी खाईल.

मुंगी जेवली, पण उभ्या उभ्या, पडद्याकडे बघत.

९ तारीख, रविवार

खोकला गेला. औषध नाही, वाफ नाही, गेला. किती हिवाळे छळत होता मेला. मुद्दाम खोकून पाहिलं, तर घशातून नुसती हवा आली. डॉक्टरपेक्षा नात बरी.

त्या खुशीत आज बरंच देऊन टाकलं. हसू दिलं. आणि नकार दिले, सगळेच्या सगळे. नाही, नको, नकोच मुळी, आता पुरे. रागाचे दिले, लाडाचे दिले, झोपेतले दिले. तुला आणि तुझ्या भावाला नाही म्हणता म्हणता जीभ झिजली माझी. म्हटलं घे बाई, आता यापुढे मला त्यांचा काय उपयोग. मुंगीला ऑफिसात कुणालाच नाही म्हणता येत नाही, निदान तिच्या खेळाला तरी येऊ दे.

एकच शब्द दिला नाही. तिनं मागितला, 'इकडे ये' असं म्हण. मी म्हटलं, दमले, उद्या. खरं सांगू? लहान असताना ती गच्चीच्या कठड्यावर चढून बसली होती, आठवतं? तुला कुठलं आठवायला. ओरडले नाही, धावले नाही, नुसतं 'ये' म्हटलं आणि ती उतरून आली. तो शब्द खेळण्यातला नव्हे.

१२ तारीख, बुधवार

दार एक आणि पायपुसणी तीन झालीत. विकणारा आला, त्याला परतवून लावायचा शब्द जिभेवर यायच्या आधीच विरला. ओठ हलले, हवा आली. तो म्हणाला, बरं आजी, मग अजून एक ठेवू का? मी आपले पैसे मोजून दिले.

हसायला गेले. हसूसुद्धा खोकल्याच्या वाटेनं गेलंय.

मुंगीला सांगितलं. तिनं मान हलवली. ती आता दिवसभर घरीच असते, आत. कंपनीचे फोन यंत्र घेतं, तिच्या आवाजात. अर्धवट दारातून सकाळपासून ऐकतेय, 'तुमचा त्रास मी समजू शकते, तुमचा त्रास मी समजू शकते.' ती शेजारी हात मांडीवर ठेवून बसते. मला आधी वाटलं, बरं झालं, पोरीला जरा विसावा मिळाला.

संध्याकाळी लेखनिकानं वाचून दाखवलं. घोषणांचा सूर गेला. माझ्या आवाजात वाचतो. दातवाल्या.

१५ तारीख, शनिवार

दुपारी ताट वाढलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. तुझ्या लेकीचं नाव, मीच ठेवलेलं, इवलीशी असताना सारखी काही ना काही ओढत असायची म्हणून ठेवलेलं, त्याची जागाच रिकामी. परवा तिनं ते माझ्याकडून शंभर तऱ्हांनी म्हणवून घेतलं होतं, अडवायचा शब्द माझ्यापाशी उरला कुठे होता.

पलीकडून मात्र स्वच्छ आलं. माझी हाक, माझ्या आवाजात. आणि मागोमाग उत्तर, 'आले गं.'

मग मीच ताट घेऊन गेले, भिंत धरून. ती खुर्चीत होती. ओठ मिटलेले. 'आले गं,' आवाज झाला. ओठ मिटलेलेच. मी तिच्या तोंडावर बोटं ठेवली. गार. 'आले गं, आले गं.' डोळे तेवढे माझ्याकडे वळले, भरलेले. बोलायचं होतं तिला, बयो. सगळं आधीच देऊन बसलीय ती.

भरवलं. गिळते. एवढं काम तू सांगितलं होतंस, तेवढं करतेय.

१७ तारीख, सोमवार

आता थट्टा बाजूला. थकलेय मी.

शेजारीण बेल वाजवून गेली. मी दारापर्यंत पोचायच्या आत आतून माझ्याच आवाजानं तिला परतवून लावलं, अगदी लाडानं. ती बरं आजी म्हणाली आणि गेली.

बोललेलं हा लेखनिकही ठेवून घेतो. उशिरा उमगलं. आत जाणारी वायर तीच. रोज सकाळी तोंडात थोडे कमी शब्द असतात. म्हणून जपलेला एक आहे, तो तुझ्यासाठी खर्च करते.

ये.

ये, आणि तुझी लेक इथून घेऊन जा. मला राहू दे. माझ्या अंगात तिला खुर्चीतून उठवण्याचं बळ असतं तर मीच—

१८ तारीख, मंगळवार

चूक झाली.

ती अर्धी राहिलेली ओळख आज पुरी झाली. पलीकडे वाचत होतं, माझ्या आवाजात. 'नमस्कार. आम्ही तिघी मिळून खेळ बनवतो.'

तिघी. ती, मी, आणि—

आत तिसरी खुर्ची मांडलीय. तिच्यापुढे नवा माईक. कुणी मांडली? पोरीचे तर हात मांडीवरच—

बयो, येऊ— पुढचा शब्द— मी तो खुशीत देऊन—

येऊ—

१९ तारीख, बुधवार

तू तिथेच— तिथे—

तुझा रस्ता— तोच— तिकडेच रा—

तो शब्द पलीकडे आहे. ऐकू येतो. रागाचा. लाडाचा. झोपेतला.

वायर ओढली. सगळी हातात आली. दुसरं टोक मोकळंच. मग हे तुला कोण—

ऐक. उद्या कुणी माझ्यासारखं बोललं तर— खिडकीतले— तू पाठवलेले— एवढं एकच आठव, बयो, जन्मात एकदा आठव— तुझ्या आईच्या तोंडात—

२० तारीख, गुरुवार

आठवतंय का, बयो, की तेही विसरलीस? हिहिहि. काल-परवाचं बोलणं मनावर घेऊ नकोस, म्हाताऱ्या बाईची चेष्टा ती. इथे सगळं छान आहे. मुंगी जेवते, मुंगी वेळेवर निजते. मुंगे, अगं मुंगे, आईला सांग बघू. आले गं, म्हणतेय. ऐकलंस?

खोकलाही परत आलाय, सुका आणि ओला, पण त्याचं काही नाही.

तू ये. इकडे ये. रस्ता काय, तो कुठे जातोय. दमली असशील, लोकांशी बोलून बोलून. तुझा त्रास मी समजू शकते. इथे आलीस की तुला बोलावं लागणार नाही. खुर्ची मांडून ठेवलीय.

आणि निघायच्या आधी सामानाच्या गाडीनं खाऊ तेवढा पुढे पाठव. अंजिरं नको. मऊ काही नको, नको, नकोच मुळी. अक्रोड पाठव, पोतंभर. कवच फोडू नकोस. खिडकीतले संपले, आज सकाळीच एकेक करून फोडले. अगं, हसतेस काय, आता माझे दात