आज बेल वाजव

अरे, चिठ्ठी मुद्दाम दारावर चिकटवलीय. आत यायच्या आधी वाच.

चिमणीची दीड वर्षाची तपासणी करायला नर्सबाई घरी येऊन गेल्या. ठोकळे तिने झकास रचले. पण त्यांनी पाठीमागून खुळखुळा वाजवला, तर पोरीने मानच वळवली नाही. मी म्हटलं, खेळात रंगलीय. त्यांनी पुन्हा वाजवला. सोमवारी कान तपासायला बोलावलंय.

मिक्सर चालू असला तरी झोपते, किती गुणाची पोर, असं आपणच सगळ्यांना सांगत फिरत होतो ना!

आईंना इतक्यात काही बोलू नकोस, घर डोक्यावर घेतील.

चिमणी आत्ता झोपलीय. रोजच्यासारखा किल्लीने दार उघडून दबकत येऊ नकोस. बेल वाजव, चांगली लांब. मी तिच्या पापण्यांकडे बघत बसलेय.