एल्विराची तबकडी

रविवार कारंजा, नाशिक
दि. १८ नोव्हेंबर २०२५

चि. योगिनी हिस रंगनाथमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. थंडी पडली आहे. तुझ्या मामीचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा मामी जास्त. तिने तुला मेक्सिकोला पाठवायला मेतकूट बांधून ठेवलं आहे. तुझे फोन आलेले दिसले. उचलले नाहीत. फोनवर सांगायला जमणार नाही, म्हणून लिहितोय. याचाच फोटो काढून तुला पाठवीन.

आधी चांगली बातमी. तू शोधत होतीस ती गाण्याची तबकडी मिळाली, हे तुला कळवलंच होतं; कशी मिळाली ते ऐक. तुझा अंदाज खरा निघाला. एल्विरा सालसेदोचा धाकटा भाऊ तो आपल्या दिंडोरीकडचा पाद्रीच. फादर गेल्यावर त्यांच्या आचाऱ्याने सामान घरी नेलं, आणि त्या आचाऱ्याची सून भागीबाई अजून तिथेच राहते. तिने तबकडी पुठ्ठ्याच्या पाकिटासकट धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवली होती! मी म्हटलं, "बाई, यात एका नटीचा आवाज आहे." ती म्हणाली, "घेऊन जा दादा. लय वर्सं उंदरांपासून गहू राखला तिनं, आता गाऊ द्या तिला." चहा पाजूनच सोडलं.

पाकिटावर तिची सही आणि १९३६ साल. मी मामीला तुझ्याकडून ऐकलेली सगळी हकीकत सांगितली. बोलपट नवे होते तेव्हा अमेरिकेत एकच चित्रपट दोनदा काढत. दिवसा इंग्रजी नटी, आणि ती घरी गेली की त्याच सेटवर, तिचेच कपडे घालून, स्पॅनिशमध्ये आपली एल्विरा. असे पाच चित्रपट केले, पाचही चित्रपटांत गायली. मग दुसऱ्याचा आवाज जोडायची युक्ती निघाली आणि तिचं काम गेलं. मेक्सिकोत रेडिओवर गाऊ लागली आणि एकोणतिसाव्या वर्षी क्षयाने गेली. चित्रपट गोदामाच्या आगीत जळाले. मामी म्हणाली, "म्हणजे बाईचं काहीच उरलं नाही?" मी तबकडीवर बोट ठेवलं. भावाला नाताळात पाठवलेली ही एवढीच.

रविवारी संध्याकाळी तुझा निरोप आला. एल्विराची मुलगी आमालिया, ब्याण्णव वर्षांची. आई गेली तेव्हा जेमतेम चारची, आवाज आठवत नाही. इतकी वर्षं नको नको म्हणणाऱ्या त्या आजींनी आता कानाचं मशीन बसवून घेतलं आणि रोज विचारतात, कधी ऐकायला मिळणार. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

तू बजावलं होतंस, मामा, वाजवू नका, मंगळवारी पुण्याचा माणूस येईल, हलक्या पिनेने उतरवून घेईल. मी हो म्हटलं. पण मी साठ वर्षं ग्रामोफोन दुरुस्त करणारा. आमच्या धंद्यात रेकॉर्ड वाजवून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. न वाजवता दिली तर गळ्यात मारली म्हणतात. शिवाय कालची पोरं मला पिन शिकवणार? रविवारी दुपारी मामी देवळात गेली आणि मी तबकडी चढवली. नवी कोरी पोलादी पिन लावली.

ती नेहमीची लाखेची तबकडी नव्हती, योगिनी. पत्र्यावर मऊ लेप दिलेली, घरच्या घरी आवाज कोरून घ्यायची. तिला पोलादी पिन चालत नाही. वजनावरूनच मला कळायला हवं होतं. कळलं नाही.

इतकंच मी तुला सांगणार होतो. तू म्हणाली असतीस, जाऊ द्या मामा, माणूस चुकतो. पण इतकंच नाही.

आधी गिटार वाजली. मग ती जरा खोकली आणि गाऊ लागली. गाणं अर्ध्यावर आलं आणि पिनेपाशी काळा कीस जमू लागला, खोबरं किसावं तसा. मला त्याच क्षणी कळलं. हातही पुढे केला होता. पिन उचलली असती तर अर्धं गाणं वाचलं असतं. मी उचलली नाही. ती इतकं सुंदर गात होती गं! मला शेवटपर्यंत ऐकायचं होतं. गाणं संपल्यावर ती कुणाला तरी काहीतरी म्हणाली आणि एक लहान मूल खदखदून हसलं. एल्विराला मूल एकच होतं. त्यानंतर नुसती खरखर.

आता जागोजागी पत्रा दिसतो. पुण्याच्या माणसाने आज भिंगातून पाहिलं आणि भिंग खिशात ठेवलं. ती चाल मोबाइलवर गुणगुणून ठेवायचा मी वीसेक वेळा प्रयत्न केला. दर वेळी तिचं आपलं भावगीत होतं. काल निदान सुरुवात आठवत होती, आज तीही डळमळते आहे.

आमालियाबाईंना काय सांगायचं मला सुचत नाही. तबकडी मिळालीच नाही म्हण, असं लिहिणार होतो. पण मग आज ना उद्या मिळेल म्हणून त्या मशीन लावून वाट पाहत बसतील. खरं काय ते सांग. माझं नाव घेऊन सांग. त्या आईजवळ हसत होत्या, हे सांगायचं की नाही ते तू ठरव. ते ठरवायचा हक्क मला राहिलेला नाही.

एल्विराचं गाणं शेवटचं ऐकलेला,
तुझा मामा
रंगनाथ