हलकं काडतूस

बाबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मी तुम्हाला एक ओळसुद्धा लिहिली नाही. आज लिहायला बसले आहे ते आठवण आली म्हणून नव्हे. मला एक गोष्ट कुणाला तरी सांगायची आहे आणि ती ऐकवावी असं दुसरं माणूस मला सापडत नाही. नवऱ्याला सांगितली तर तो म्हणेल, झालं ना सगळं नीट, मग सोड आता. तुम्ही सोडणार नाही, म्हणून तुम्हालाच.

आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. वय शहात्तर, बायको वारलेली, जन्म हत्यारं घडवण्याच्या कारखान्यात गेला, म्हणजे लोखंड कापायच्या हत्यारांच्या. इथे फेल्डहोवनमध्ये सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, मीही त्यांना डचमध्ये तूच म्हणते, पण मराठीत लिहिताना माझ्याच्याने ते होत नाही. ते शिकारी आहेत. परवाना घेऊन, ठरल्या जंगलात, ठरल्या दिवसांत रानडुकरं मारतात. रायफल मध्यम बोअरची, त्यांच्या सासऱ्यांची, आणि तिची काडतुसं ते दुकानातून आणत नाहीत, स्वतः भरतात. गेल्या तीन वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. गोळी दाबून बसवायच्या प्रेसचा दांडा ओढायला थरथर आड येत नाही, पण दारू तोलायला येते. कुंपणावरून बोलता बोलता एकदा मी सांगून बसले की माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात तोलाईवर होते. झालं. नेमबाजी क्लबची परीक्षा दिली, पोलिसांनी घरी येऊन कपाट तपासलं, रीतसर कागद झाले, आणि तेव्हापासून एक शनिवार आड मी त्यांच्या शेडमध्ये दारू तोलते आणि ते गोळी बसवतात. दिवसभर ऑफिसात चिपच्या यंत्रांची मापं घेते, सुट्टीतही तेच. आई हसते, बापाचीच जात म्हणते.

तुम्ही असतात तर तुम्हाला ती शेड आवडली असती. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, हा त्यांचाही नियम. रेडिओ बंद. मोजताना बोलायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी हे सगळं मला सांगायला सुरुवात केली आणि मी पुढचं वाक्य त्यांच्याआधी बोलले, तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. एकच गोष्ट ते करत नाहीत आणि तुम्ही केली असती: गोळी बसवण्याआधी काडतुसाच्या प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून दारू पडली की नाही ते बघणं. आधी करायचे म्हणे. हल्ली चष्मा लावूनही पुंगळीच्या गळ्यातल्या अंधारात काही दिसत नाही, आणि तोलायला तू आहेस, असं म्हणाले. माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला की मला बरं वाटतं, बाबा. ते काम मी माझ्याकडे घ्यायला हवं होतं. घेतलं नाही.

त्या शनिवारी खंडेनवमी होती. तुमच्या सेक्शनमध्ये पूजा व्हायची ती मला आठवते. घरच्यांना आत सोडायचे नाहीत, पण गेटपर्यंत झेंडूचा वास यायचा. तुम्ही नारळ फोडायला पुढे जायचा नाहीत, पेढा मात्र घ्यायचात. घरी येऊन म्हणायचात, "पूजा त्यांनी केली, आपण पुसू. यंत्राला दोन्ही चालतं." मग माळ्यावरची हत्याराची पेटी खाली यायची आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून तुम्ही एकेक पाना, एकेक कानस पुसायचात, शेवटी आईची विळीसुद्धा. आपल्या घरचा तो सण तेवढाच, आणि मी तो इथपर्यंत आणला आहे. दरवर्षी मी कॉम्प्युटर पुसते, मिक्सर पुसते, सायकल पुसते. मुलगी म्हणते, "मम्मा, व्हाय टुडे?" मी सांगते, आजोबा पुसायचे.

तर शनिवारी चाळीस पुंगळ्या लाकडी फळीच्या भोकांत उभ्या होत्या. अर्ध्याच्या वर भरून झाल्या होत्या. शेजारी कॉफी आणायला घरात गेले. एक पुंगळी नरसाळ्याखाली होती, तिच्यासाठीची दारू ताटलीत तोललेली होती, आणि मला अचानक आठवलं की आज खंडेनवमी. खिशात पिवळं फडकं होतंच. मी ती पुंगळी उचलून फळीवर तिच्या जागी ठेवली, टेबल पुसलं, प्रेस पुसला, तराजूचा पाया पुसला. मन इतकं भरून आलं होतं, बाबा, की मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलतसुद्धा होते. मग फडकं घडी करून ठेवलं, पुढची पुंगळी उचलली आणि ताटली तिच्यात रिकामी केली. पुढची. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी कॉफी प्यायले, उरलेल्या भरल्या, त्यांनी चाळीसच्या चाळीस गोळ्या बसवल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, आमच्या वस्तीतल्याच सभागृहात. पार लांबच्या डीमनहून, उइटहॉर्नहून आपली मंडळी आली होती. मला दहा मिनिटं बोलायचं होतं, विषय होता 'माझे वडील'. दोन वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन आला. जय भीम झाला, मी कौतुकाने सांगितलं, काल काम अर्ध्यावर असताना आठवण झाली आणि बाबांसारखं सगळं टेबल पुसून काढलं. आई म्हणाली, "अर्ध्यावर कशाला? ते आधी सगळं रिकामं करायचे, मगच फडकं. मी एकदा त्यांच्या भरल्या टेबलावर फडकं फिरवलं तर केवढे चिडले होते." आणि मग ती आत्याच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागली.

हातात खिरीची वाटी, कानाशी आई, आणि डोळ्यांपुढे नरसाळं. ती पुंगळी मी कुठे ठेवली? ठेवली, मग कुठली उचलली? तुम्हाला समजावायला नको, पण लिहिताना माझं मलाच समजावते. पुंगळीत दारू नसली तरी तळची ठिणगी पाडणारी टोपी फुटते, आणि तेवढ्या धक्क्याने गोळी नळीत शिरून तिथेच अडकते. बार होत नाही. माणसाला वाटतं, काडतूस फुसकं निघालं. तो रायफलीचा दांडा मागे ओढतो, दुसरं चढवतो, चाप ओढतो, आणि नळी त्याच्या गालापाशी फुटते. शेजारी त्या दिवशी तीन वाजता क्लबच्या रेंजवर तीच काडतुसं तपासायला जाणार होते, हे मला माहीत होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी ते घरी होते. फोन माझ्या हातातच होता.

मी खीर संपवली. स्वतःला म्हटलं, भरली असशील, आजवर कधी चुकलीस? म्हटलं, उगाच फोन करून त्या थरथरत्या हाताच्या माणसाचा विश्वास घालवशील. म्हटलं, भाषण झालं की करू. मग माझं नाव पुकारलं गेलं आणि मी माईकपाशी जाऊन त्यांना तराजूची गोष्ट सांगितली.

मी दहा वर्षांची आहे. तुम्ही जुन्या बाजारातून पितळी तराजू आणलाय, माझ्यासाठी, आणि बजावलंय की मला विचारल्याशिवाय काढायचा नाही. मी काढते. तो स्वयंपाकघराच्या ओट्यावरून पडतो, दांडी किंचित वाकते, मी तो गुपचूप पेटीत ठेवते. दोन दिवसांनी आईच्या औषधाचं चूर्ण तोलताना तुम्ही थांबता. काटा बघता, मला बघता. आई चुलीशी, आमच्याकडे पाठ करून उभी आहे आणि तिचा हात थांबलाय. तुम्ही आवाज चढवत नाही. "पडला याचं मला काही नाही. तू किती वेळ गप्प बसलीस, ते सांग." मी म्हणते, दोन दिवस. तुम्ही सांगता की तुमच्या सेक्शनमध्ये ज्याच्या हातून काही पडेल त्याने उभ्या जागी ओरडून सांगायचं, त्याला कुणी काही बोलत नाही. जो गप्प बसतो त्याच्याजवळ मात्र पुन्हा कुणी उभं राहत नाही. मग तो सबंध रविवार तुम्ही दांडी सरळ करण्यात घालवता आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाही. मी इथे यायला निघाले तेव्हा तोच तराजू तुम्ही माझ्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. मी खाली उतरले तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती. फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. ते रेंजवर फोन गाडीतच ठेवतात. पाऊस येणार म्हणून ते अडीचलाच निघाले होते, हे मला नंतर कळलं.

गाडी घेऊन नवरा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला होता. मी पांढऱ्या साडीत सायकलवर बसले. पदर खोचला, निऱ्या साखळीत जातील म्हणून एका हाताने वर धरल्या. आठ किलोमीटर. सिग्नलला लाल दिवा होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी इथले लोक थांबतात. मी थांबले नाही. वाटेत एक कुटुंब पोरांना घेऊन रमतगमत चाललं होतं, त्यांच्यावर मी इतकी घंटी बडवली की त्यातला बाप काहीतरी वाईट बोलला. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, माझा, आणि थोडा तुमचाही, की तुम्ही फडक्याचं सांगितलंत आणि आधी रिकामं करायचं हे नीट सांगितलं नाहीत. सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

रेंजच्या दारावर लाल दिवा असला की आत जाता येत नाही. दिवा लाल होता. मी बेल दाबून धरली. आतून बार ऐकू येत होते, दोन रायफली, एक जाड आवाजाची, ती त्यांची. जाड बार. मग हलका. मग पुन्हा जाड. प्रत्येक जाड बार झाला की मी श्वास सोडायची, की हे भरलेलं होतं. मग बराच वेळ जाड बार झालाच नाही. एवढी शांतता मी तुम्ही गेलात त्या दवाखान्यातही ऐकली नव्हती. बेलवरचं माझं बोट पांढरं पडलं होतं.

दिवा हिरवा झाला. त्यांनी फक्त चष्मा पुसायला रायफल खाली ठेवली होती. मी आत शिरून म्हटलं, "पुढचं झाडू नका. एक रिकामं आहे." त्यांनी रायफलीचा बोल्ट उघडला, चढवलेलं काडतूस काढून टेबलावर ठेवलं. नऊ झाडून झाली होती. रेंज सांभाळणाऱ्याने कँटीनमधून केक करायचा वजनकाटा आणला आणि आम्ही उरलेली एकतीस एकेक करून त्यावर ठेवली. चढवलेलं भरलेलं निघालं. त्याच्या पाठोपाठची सहा भरलेली निघाली. सातवं तीन ग्रॅमने हलकं होतं.

ते काडतूस त्यांनी थरथरत्या बोटांत धरून कानाशी हलवलं. आत काहीच वाजलं नाही. मग माझ्याकडे, माझ्या चिखल उडालेल्या साडीकडे बघून म्हणाले, "चूक कुणाचीही होते. तू लगेच आलीस, एवढंच बघायचं असतं." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

उद्या पुन्हा शनिवार आहे. त्यांनी बोलावलंय, मी टॉर्च विकत आणलाय. हा कागद मी पितळी तराजूखाली ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? तुम्ही ते एकच विचाराल म्हणून सांगून टाकते. चाळीस मिनिटं, बाबा. नऊच्या नऊ बार त्या उशिरामुळे झाले. आणि ते "लगेच आलीस" म्हणाले, तेव्हा मी मान हलवली.