दोन टोकांचे झेंडे

मेलबर्न बंदर, सप्टेंबर १९६१

सेवादास दादाले धाकट्या मोतीचा राम राम.

मी खुशाल आहो. आमचं जहाज अजून दुरुस्तीले पडून आहे, पण मटण पोटभर भेटते. दर शनवारी आम्ही खलाशी इथला फुटबॉल पाहाले जातो. आज सालची आखरी मॅच झाली. चेंडू खरबुजावानी लांबट, अन् खेळणारे पगारी, तरी चेंडू झेलाले पोरावानी एकमेकाच्या खांद्यावर चढतात.

खांबापाशी पांढऱ्या कोटातला पंच राह्यते. गोल झाला की दोन झेंडे हालवते. पहिले मले वाटे, हा एकटाच ठरवते, फितूर असन. मंग दिसलं, मैदानाच्या पल्ल्याड दुसरा पंच आहे. तो तसेच झेंडे हालवून जवाब देते, तवा माह्या मनाले पटते.

दादा, तू लिहिलं की याडी बरी आहे, निंदाले जाते. पण तीन पत्रांत मायच्या अंगठ्याचा ठसा नाही. लेकाच्या पत्रावर अंगठा उठवल्याबिगर ती पत्र जाऊ देत नव्हती. शाई नव्हती म्हणतं, मंग पत्र कायनं लिहिलं?

मी इकडून झेंडे हालवून उभा आहो. तिकडून याडीचा अंगठा येऊ दे. तुह्या अंगठ्यावर विळ्याची खूण आहे, तो मी ओळखतो.

तुहा मोती