आत्याबाईंच्या पाया पडताना

मंगळवार, संध्याकाळी

खुब्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा एकटी चालायला गेले आणि आजच नको ते केलं. काठी टेकत मारुतीच्या देवळापर्यंत नीट पोचले. तिथे यांच्या आत्याबाई बसलेल्या. काही विचार न करता मी पाया पडायला वाकले. इतकं खाली वाकायचं नाही, हे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी दहादा बजावलंय. आत कट् झालं. झालं ना? की घाबरून मलाच तसं वाटलं?

आत्याबाई म्हणाल्या, "आगं, लांबून हात जोडले असते तरी पोचलं असतं. आशीर्वाद लई हायेत माझ्याकडं, नवा खुबा कुटून देऊ?"

घरी चालत आले. दुखत नाही. तरी प्रत्येक पावलाला तो कट् शोधत होते. यांना सांगितलं तर चालणंच बंद करतील. इतके दिवस पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. पण सांधा खरंच हलला असेल तर? आणि मी गप्प बसतेय ती त्यांना काळजी नको म्हणून, की मला उद्या परत जायचंय म्हणून?

शेवटी मॅडमना फोन केला. पायावर भार देता येतो का, पाय आखूड वाटतो का, विचारलं त्यांनी. मग म्हणाल्या, "उद्या येऊन दाखवा. तोवर बाहेर चालू नका."

"यांना सांगायलाच हवं का?"

"मग गाडीतून आणणार कोण तुम्हाला?"

हे बाहेरच्या खोलीत बातम्या बघताहेत. आता जाते. सांगताना 'वाकले' म्हणायचं. 'जराशी वाकले' नाही.