सही करणाऱ्याने विमानात बसण्याबाबत

प्रति,
मा. उड्डाणयोग्यता अधिकारी,
विमान वाहतूक विभागीय कार्यालय, मुंबई

अर्जदार: धर्मराज हिराजी कोळी, वय ६१, धंदा होड्या बांधणे (आता बंद), रा. उलवे, ता. पनवेल, जि. रायगड

विषय: चिनी बनावटीच्या प्रवासी विमानाबाबत लेखी खुलासा मिळणेबाबत व परवाना पडताळणीचे पत्र तूर्त रोखणेबाबत.

संदर्भ: माझे दि. ३ मार्च व ११ एप्रिल २०१७ चे अर्ज, आपले दि. २४ एप्रिलचे उत्तर.

महोदय,

तिसऱ्यांदा तसदी देत आहे, राग नसावा. दोन अर्जांत जे लिहायला धजलो नाही ते या अर्जात लिहीत आहे.

१. माझी कन्या कु. रोशनी हिला विमान तपासून ‘उड्डाणास योग्य’ अशी सही करण्याचा परवाना आपल्याच खात्याने दिलेला आहे. शेजारच्या देशातील एका विमान कंपनीने तिला नोकरी दिली असून दि. १ जुलै रोजी हजर व्हायचे आहे. त्या कंपनीची विमाने चिनी बनावटीची आहेत. म्हणजे सकाळी माझी मुलगी सही करणार आणि त्या सहीच्या भरवशावर साठ-सत्तर माणसे आभाळात जाणार.

२. आपण कळवले की, सदर विमानासाठी आपल्या देशात कोणी प्रमाणपत्र मागितलेलेच नाही, सबब ते योग्य की अयोग्य हा प्रश्न उद्भवत नाही. महोदय, आपल्या कचेरीत नसेल उद्भवत. माझ्या घरात तो रोज ताटावर येऊन बसतो.

३. वर्तमानपत्रात वाचले की चीनच्या खात्याने दाखला दिला आहे, अमेरिका-युरोपचा अजून नाही, म्हणून परदेशी गिऱ्हाईक बिचकते. पण विमान स्वस्त असल्याने पुढील वीस वर्षांत बाजार मोठा आहे. बाजार मोठा असेल हो, पण पान दोनदा उलटून पाहिले, त्यात बसणाऱ्यांबद्दल एक ओळ नव्हती. चिनी म्हणून माझा आकस आहे असे कृपया समजू नये. फायबरच्या होड्या आल्या तेव्हा ‘पहिल्या लाटेला फुटतील’ ही आवई आम्ही लाकडाच्या होड्या बांधणाऱ्यांनीच उठवली होती. त्या काही फुटल्या नाहीत. आमचा धंदा मात्र बसला.

४. आमच्या घराण्याची रीत अशी की नवी होडी पहिल्यांदा खाडीबाहेर निघाली की बांधणारा स्वतः पुढच्या टोकाला बसतो. तो बसल्याशिवाय मालक होडी सोडत नाही. माझे वडील बसले, मी बसलो. फक्त एकदा बसलो नाही. सन १९८९, माघ महिना, माझ्या मेहुण्याची हळद होती. माझा लहानपणापासूनचा दोस्त दिनानाथ याची होडी तयार होती आणि त्याला घाई होती. मी होडी पक्की असल्याच्या दाखल्यावर सही केली, ‘बिनधास्त ने’ म्हणालो आणि हळदीला नाचायला गेलो. भर पाण्यात होडीचा तळ उकलला. दिनानाथ परत आला नाही. चौकशीत ‘वारा’ असे लिहिले गेले. वारा होता हे खरे. पण तळाचा जोड पुरता सुकलेला नव्हता, हे मला सही करताना ठाऊक होते. हे अठ्ठावीस वर्षांत मी कोणालाही सांगितलेले नाही. आज सांगत आहे, कारण त्या सहीने मला एक रात्रही धड झोपू दिलेले नाही आणि तसलीच सही आता माझी पोर रोज करणार.

५. सबब विनंती की:
(अ) चीनमध्ये ज्या अधिकाऱ्याने या विमानाला पहिला दाखला दिला त्याचे नाव, व तो स्वतः त्यात बसला होता काय, हे कळवावे.
(ब) ते शक्य नसल्यास आपण एकदा जाऊन बसून यावे व मला सांगावे. आपल्या सवडीने, पण ३० जूनच्या आत.
(क) तोवर कंपनीने मागितलेले रोशनीच्या परवान्याचे पडताळणीपत्र आपल्या टेबलावरच राहू द्यावे.

येथपर्यंतचा मजकूर पनवेलला तहसीलबाहेर चारुदत्त टंकलेखकाकडून टाइप करून घेतला. पुढचे घरी येऊन हाताने लिहीत आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी.

अर्ज पिशवीत होता तो रोशनीने काढला आणि मोठ्याने वाचला. त्याच वेळी दिनानाथची बायको सुनंदा ओट्यावर बसली होती. ती इतकी वर्षे बाजारातून परतताना आमच्याकडे वाट्याची मासळी टाकून जाते. कलम ४ आले तेव्हा मला कागद हिसकावून घ्यावासा वाटला, पण हातच उचलला गेला नाही. सुनंदा म्हणाली, “जोड ओला होता ह्ये मना तवाच ठावं होतं, दादा. तुमी बसले असते तं तुमी पन गेले असते, नि ही पोर जन्मालाच आली नसती. तिला नका अडवू.” मी लहान पोरासारखा रडलो, महोदय.

रोशनी रडली नाही. ती म्हणाली, “बाबा, विमान कोनचापन असो, सही माजी हाय. जोड ओला दिसला तं मी सही करनार नाय. नि पहिल्या सहीच्या विमानात मी सोता बसनार.”

सबब मागणी (क) मी मागे घेत आहे. पडताळणीपत्र कृपया वेळेवर जावे. (अ) आणि (ब) कायम आहेत.

तिच्या पहिल्या सहीच्या विमानात मीही बसणार आहे. विमान कोणी का बांधले असेना, सही करणारी मी घडवली आहे. पासपोर्टचा अर्ज आज दिला.

आपला, उत्तराची वाट पाहणारा,
धर्मराज हिराजी कोळी
उलवे, दि. १९ मे २०१७

सोबत:
१) आधीच्या दोन्ही अर्जांच्या प्रती
२) सन १९८९ च्या होडीच्या दाखल्याची छायाप्रत, माझ्या सहीसह
३) पासपोर्टच्या अर्जाची पोच

कलम ४ वाचून ऐकले, ते खरे आहे. पोरीचे पत्र अडवू नये.
साक्षीदार: सुनंदा दिनानाथ कोळी