अकरा मूर्तींचे डोळे

५ जाने. ९८. पेण

शर्वरी येऊन गेली. मुंबईला आर्ट स्कूलमध्ये माझ्या शेजारी बसायची. मी दुसऱ्या वर्षी घरच्या गणपतीच्या कारखान्यासाठी परत आलो, ती पुढे शिकली, आता व्हिडिओची कामं करते. रोह्याच्या कलाकेंद्रात तिचं प्रदर्शन आहे. आमच्या अकरा गणेशमूर्ती हव्यात. रंगवलेल्या, दागिन्यांसकट, फक्त डोळे कोरे. डोळे वरून प्रोजेक्टरने, व्हिडिओतून पडणार. त्यात माझा हात, डोळ्यांची आखणी करतानाचा. म्हणाली, "भिंतीवर दोन नावं. माझं आणि तुझं."

चौदा वर्षं गणपती रंगवतोय, एकाच्याही खाली नाव नाही. असतं कुठे कुणाचं. तरी हो म्हटलं. लाज वाटावी इतकं पटकन.

११ जाने.

शूटिंग. कॅमेरा मनगटाला चिकटून, माइक नाकापाशी. डोळा आखताना श्वास धरायचा, रेघ संपली की सोडायचा, हे वडिलांनी, आण्णांनी, शिकवलेलं. शर्वरीला तो सोडलेला श्वासच हवा. वीसेक वेळा सोडायला लावला. आण्णा मागून तिला विचारतात, "याला दमा लागला काय गो?" ती हसली. मी नाही.

आण्णांचा हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली. तेव्हापासून आखणी माझ्याकडे, ते नुसता पॉलिश पेपर मारतात. बापाच्या हातचे डोळे हवेत म्हणून लोक दिवस-दिवस थांबायचे. आता कुणी विचारलं की म्हणतात, "पोरगा करतो." बास, एवढंच.

१९ जाने.

अकरा तयार. आण्णा : "डोळं कधी आखनार?"

"रोह्याला जाऊन आखतो. टेम्पोत घासले जातील."

धडधडीत खोटं. खरं सांगितलं असतं तर एकही मूर्ती दाराबाहेर पडली नसती. बिनडोळ्यांची आमच्याकडून जातच नाही. गिऱ्हाईक गाडी घेऊन उभं असलं तरी त्याला बसवून ठेवतो, आखतो, मग देतो. सुमनला मात्र खरं सांगितलं. बायको आहे, तिच्यापासून काय लपवणार. ती म्हणाली, "आण्णांना आजच सांगा, नायतर तोंडावर आपटाल." सांगतो म्हटलं.

२४ जाने. रोहा

टेम्पोत आण्णाही चढले. "अकरा मूर्ती तू एकला कवा आखनार? धरायला कोन नको?" वडखळला चहाला थांबलो. तिथे सांगायचं ठरवलं होतं. पण ते ड्रायव्हरला रंगात येऊन सांगत होते, पोराचं नाव लागणार हाय भिंतीवर. मी चहाचे पैसे देऊन टाकले.

हॉलमध्ये मूर्ती मांडून झाल्या. वायर कमी पडली म्हणून शर्वरी आणि मी बाजारात गेलो. दुपारची दुकानं बंद, दीड तास गेला. परत आलो तर अकराच्या अकरा मूर्ती आमच्याकडे बघत होत्या.

आण्णा ब्रश धूत होते. "तुझा येळ वाचवला."

जवळ जाऊन पाहिलं. रेघ कुठेही हललेली नाही. पापणीची टोकं अशी की मला सात जन्मात जमायची नाहीत. त्यांनाही कळलं होतं. हात समोर धरून बघत होते, उलटा, सुलटा, पुन्हा उलटा.

शर्वरी हळूच : "सुंदर आहे रे. पण यावर व्हिडिओ पडला की प्रत्येकाला चार डोळे दिसतील. पाचला उद्घाटन आहे. तू सांग काय करायचं." भिंतीवर नावं लागली होती. माझं दुसरं, पण तिच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत.

आण्णांना म्हटलं, बाहेर जाऊन चहा घेऊन या. मग पांढरा काढला आणि त्यांनी आखलेल्या डोळ्यांत भरायला घेतला.

सातवी झाली तेव्हा मान वळवली, तर आण्णा दारात उभे. हातात माझ्यासाठी ग्लास. ग्लास खिडकीत ठेवला आणि टेम्पोत जाऊन बसले. मी उरलेल्या चार केल्या. थांबता आलं असतं. कुणी धरून ठेवलं नव्हतं मला.

२५ जाने. पेण

कालचं राहिलं. आण्णा उद्घाटनाला आत आलेच नाहीत. अंधार केला, अकरा तोंडांवर माझी आखणी उमटत गेली, चारी स्पीकरमधून माझा श्वास. टाळ्या पडल्या. टेप खराब की मशीन, देव जाणे, चित्र सारखं थरथरत होतं. शर्वरी म्हणते, तीच तर मजा, जिवंत वाटतं. एकाने विचारलं, हात कुणाचा? माझा, म्हटलं.

परतताना नागोठण्याला आण्णांनी विचारलं, "लागलं नाव?"

"लागलं."

"बरं झालं."

७ फेब्रु.

माफी मागायला गेलो. म्हणाले, "कसली?" आणि पेपर मारत राहिले. चार शिव्या हासडल्या असत्या, एक कानाखाली दिली असती तरी चाललं असतं. मग मलाच राग आला. न विचारता हात लावायचा कशाला? कुणी सांगितलं होतं? आणि लगेच स्वतःची किळस आली. सांगितलं नव्हतं ते मीच.

शर्वरीने फोटो पाठवलेत. माझ्या नावाचा वेगळा काढलाय, मुद्दाम. सुमन बघून म्हणाली, "छान आलंय," आणि भाकऱ्या थापायला गेली.

१७ जून

आखणी सुरू झाली. पहिली मूर्ती पुढ्यात आली, ब्रश भिजवला आणि वाटलं, आज नाही तर कधीच नाही. उठून आण्णांसमोर गेलो. "आण्णा, पहिली तुम्ही करा." कारखान्यातली माणसं कामं सोडून बघायला लागली.

त्यांनी ब्रश घेतला. टोक बोटांवर फिरवून पाहिलं. मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"करतो. पांढरा कवा मारनार?"

आवाज चढला नव्हता. टोमणाही नव्हता. खरंच विचारत होते. मी मान खाली घालून दुसरी मूर्ती पुढ्यात ओढली. जेवणं झाली, माणसं परत कामाला बसली. आण्णा अजून ब्रश घेऊन तसेच बसलेत.